कवळीकाकाचा कच्चा सांधा

माझा काका आयुष्यभर लोकांचे दात करत आला. दात काढणं, भरणं हे डॉक्टरांचं काम. काकाचं काम त्यानंतरचं. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि काका एका लांबट खोलीत खिडकीपाशी बसून त्या साच्यांवर आधी मेणाचे आणि मग खरे दात उभे करायचा. ज्यांच्या तोंडात ते जाणार, त्यांतलं कुणी त्याला कधी भेटायचं नाही. गल्लीत सगळे त्याला कवळीकाका म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. कुणी चेष्टा केली तर म्हणायचा, "हसा, हसा. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणजे मला आधीच माप घेऊन ठेवता येईल."

सायकलींचा नाद त्याला उशिरा लागला. दातांच्या कामात धातूचे बारीक तुकडे जोडावे लागतात. धातू नीट जुळावा म्हणून टाकणखार लावायचा, ज्योतीने तापवायचं आणि चांदीची तार टेकवली की ती वितळून फटीत शिरते. एकदा त्याने भंगारात पडलेली जुनी सायकल बघितली. तिचा रंग उडालेला होता आणि नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे त्याला हीच चांदीची रेघ दिसली. घरी येऊन काकूला म्हणाला, "अगं, सायकल म्हणजे मोठी कवळीच की!"

मागच्या मोरीशेजारच्या खोलीत त्याने टेबल टाकलं, कानशी आणल्या, सांधे तापवायची गॅसची बत्ती आणली. वर्षा-दीड वर्षात एखादी फ्रेम व्हायची. विकायचा मात्र नाही. एक पोस्टमनला दिली, एक शेजारच्या उंच मास्तरांना, एक काकूच्या भावाला. काकू म्हणायची, "लोकांचे नवरे बाहेर कुठेतरी जाऊन आग लावतात. माझा घरातच लावतो, तेवढं बरं." पण ज्योत पेटली की पाण्याची बादली भरून तीच दाराशी आणून ठेवायची.

माझे बाबा मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून काका आमच्याकडे रोज एक चक्कर मारून जायचा. फार बोलायचा नाही. नळ गळतोय का बघायचा, दाराची कडी घट्ट करायचा आणि "येतो वहिनी" म्हणून निघून जायचा.

माझी आई घरोघर जाऊन रुग्णांच्या जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. एका संस्थेत ती परिचारिका होती. लहानपणी पाय मोडून वेडावाकडा जुळला होता, त्यामुळे तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा अंगठ्याएवढा आखूड. त्यात उंचीने ठेंगणी. दिवसभर चालून संध्याकाळी कमरेला हात लावून बसायची. दुकानातली एकही सायकल तिला धड बसायची नाही. एखादी उंचीला जमली तर पायाला जमायची नाही.

एके दिवशी काका शिंप्याची टेप घेऊन आला. आईला भिंतीशी उभं केलं आणि दोन्ही पायांची मापं घेतली. आई लाजून म्हणाली, "भाऊजी, या वयात मला कसली सायकल? लोक हसतील."

"हसू दे. मग मापं कुणाची घेऊ हे मला कळेल," काका म्हणाला.

ती सायकल त्याने जीव ओतून केली. आडवा दांडा एवढा खाली घेतला, की आईला पाय उचलून टाकावा लागू नये. उजव्या पॅडलचा दांडा थोडा आखूड केला. आई सायकल तशी तरुणपणीच शिकलेली होती, फक्त तिच्या मापाची कधी मिळाली नव्हती. पहिल्या दिवशी ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली ती परत यायचंच नाव घेईना. मी शोधायला निघाले, तर ती बाजाराला वळसा घालून समोरून येत होती, चेहरा लालबुंद. "अगं, मी पडलेच नाही!" म्हणाली. त्यानंतर तीन उन्हाळे ती त्याच सायकलवरून रुग्णांकडे गेली. कंबर दुखणं तिने सोडून दिलं, असं काकू म्हणायची.

मग ती पडली.

सकाळची वेळ होती. बेकरीजवळचा उतार तिच्या रोजच्या पायाखालचा. खड्डा नव्हता, गाडी आडवी आली नव्हती. टक्क असा आवाज झाला आणि हँडल तिच्या हातात राहून खालची सायकल दुमडली. हँडलच्या नळीला जी तिरकी नळी येऊन मिळते, ती सांध्यातून निसटली होती. आई तोंडावर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं, मनगट मोडलं आणि समोरचे दोन दात गेले. बेकरीवाल्यानेच तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला.

काका माझ्या मागोमाग पोचला. आईकडे बघितलं, तिच्या पायांवर चादर सारखी केली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "सायकल कुठे आहे?"

मला राग आला. "काका, आई इथे पडलीय आणि तुला सायकल सुचतेय?"

तो तसाच निघाला. बेकरीत गेला, सायकल खांद्यावर टाकून घरी नेली. दुपारी परत आला तेव्हा पाच-दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. बाकावर माझ्याशेजारी बसला.

"माझा सांधा सुटला," तो म्हणाला. "भिंगातून बघितला. एका बाजूला धातू नीट तापलाच नव्हता. चांदी वरवर दिसत होती, आत शिरलीच नव्हती. बाहेरून रेघ इतकी सुरेख होती, की मीच फसलो."

मी त्याचा हात धरला. तो गार होता.

आईला दुसऱ्या दिवशी नीट बोलता येऊ लागलं. ओठ सुजलेले, समोर फट, त्यामुळे शब्द फुसफुसत यायचे. काका बाहेर गेलेला बघून तिने मला जवळ बोलावलं. "कुणी विचारलं तर कुत्रं आडवं आलं म्हणायचं. सायकल मोडली हा शब्द काढायचा नाही."

"का?"

"माझ्या विम्याचे लोक चौकशीला येतील. वस्तू मोडून माणूस पडलं म्हटलं की ती कुणी केली ते शोधतात. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला दाखवायचे?" म्हणाली आणि हसू आलं म्हणून कळवळली, कारण टाके ताणले गेले.

मी मान डोलावली. मला ते बरोबरच वाटलं. आजही पूर्ण चूक वाटत नाही.

आई घरी आल्यावर विमा कंपनीचा माणूस आला. तरुण, सभ्य, बूट दाराबाहेर काढून आत आलेला. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. काका आणि काकू दोघंही होते. काकू चहा करत होती. त्या माणसाने तब्येतीची विचारपूस केली आणि मग म्हणाला, "कशा पडलात, ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

"कुत्रं आडवं आलं," आई म्हणाली.

"कुठल्या बाजूने?"

"डावीकडून. काळं होतं."

काका खिडकीपाशी उभा होता. तो एक पाऊल पुढे आला. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "कुत्रं नव्हतं."

"होतं," आई म्हणाली. "तुम्ही होतात का तिथे?"

"सायकलचा सांधा सुटला," काकाने त्या माणसाला सांगितलं. "ती मी केली होती. दुकानातली नाही, मी माझ्या हातांनी केलेली. हवं तर दाखवतो."

काकू स्वयंपाकघराच्या दारात गाळणं हातात घेऊन उभी राहिली, त्यातून चहा फरशीवर गळत होता.

त्या माणसालाच अवघडल्यासारखं झालं. त्याने विचारलं, "विकत दिली होती?"

"नाही. दिली."

"तुमचा विमा आहे?"

"आहे की. मी मेलो तर हिला पैसे मिळतील."

"तसा नाही काका. तुम्ही केलेल्या वस्तूमुळे दुसऱ्याला इजा झाली तर तिची भरपाई देणारा. दायित्वाचा विमा म्हणतात त्याला."

"असा असतो?" काकाने विचारलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्या माणसाने सगळं समजावून सांगितलं, तेही सावकाश. बाईंना उपचाराचे पैसे कंपनी देईल. पण चूक दुसऱ्याच्या वस्तूची असेल, तर कंपनी बाईंच्या वतीने त्या दुसऱ्याकडे ते मागू शकते. फुकट दिली म्हणून जबाबदारी संपत नाही.

"माझ्या वतीने?" आई ताठ बसली. "म्हणजे माझ्या नावाने माझ्या दिराच्या दारात जाणार? मला नको तुमचे पैसे. कुत्रं होतं असंच लिहा."

"वहिनी, पैसे घ्या," काका म्हणाला. "माझं मी बघतो."

तो माणूस गेल्यावर आई काकावर अशी बरसली, की मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्याने उशी आपटत होती. "प्रामाणिकपणा काय तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे? यांच्यामागे माझं घर कुणी सावरलं? मी एकदा, फक्त एकदा तुमच्यासाठी खोटं बोलायला निघाले, तर तेही करू दिलं नाहीत!"

काका खाली बघत उभा राहिला. "तुम्ही खोटं बोलला असता," तो म्हणाला, "आणि मी सुटलो असतो. मग पोस्टमनला काय सांगणार होतो? मास्तरांना काय सांगणार होतो? त्यांच्या सायकली मीच केल्यात."

आईने तोंड भिंतीकडे वळवलं. काका गेला. बरेच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो रोज यायचा, कडी बघायचा, "येतो वहिनी" म्हणायचा. ती उत्तर द्यायची नाही, पण तो येऊन गेल्याशिवाय जेवायचीही नाही.

कंपनीचं मागणं यायची वाट न बघता काका त्यांच्या कचेरीत स्वतः गेला आणि तडजोड करून आला. किती द्यावे लागले ते त्याने कुणाला सांगितलं नाही. परदेशी बनावटीच्या, कागदासारख्या हलक्या नळ्यांचा एक संच त्याने कधीपासून जपून ठेवला होता. तो मात्र त्या खोलीतून दिसेनासा झाला. काकू म्हणाली, "गेलं ते बरं. नाहीतरी रात्रंदिवस माझ्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होते."

मग तो सायकली परत गोळा करायला निघाला.

एकेकाच्या दारात जाऊन सांगायचा, "माझ्या हातून एका सांध्यात चूक झाली. वहिनी पडल्या. तुमची सायकल मला तपासायला द्या, तोवर तिच्यावर बसू नका." लोकांना वाटलं होतं, तो वरमेल, तोंड लपवेल. तो तर दारोदार चूक सांगत फिरत होता. काकूचा भाऊ म्हणाला, "मी नाही देत. एवढी वर्षं काही झालं नाही." काकू स्वतः गेली आणि सायकल घेऊनच आली. पोस्टमनने तर काकाला दारातच अडवलं. "कवळीकाका, माझे दात पडायचे असतील तर तुमच्याच सायकलवरून पडू देत. नवे घालायला तुमच्याकडेच यायचंय."

काका हसला नाही. "दात मी घालीन," म्हणाला. "डोकं मला करता येत नाही."

पोस्टमनने मुकाट्याने सायकल पुढे केली.

मागच्या खोलीत फ्रेमांची रांग लागली. काकाने प्रत्येक सांध्यावरचा रंग खरवडला. दात बघायचा छोटा आरसा हँडलच्या नळीत घालून, दिवा धरून आतली बाजू बघितली. सगळीकडे चांदी पार आतपर्यंत आलेली होती. फक्त मास्तरांच्या फ्रेमच्या एका सांध्याची त्याला शंका आली. मास्तर म्हणाले, शंकाच आहे ना, राहू दे. काकाने करवत घेतली आणि त्यांच्यासमोर तो सांधा आडवा कापला. सांधा पक्का निघाला. आत चांदी काठोकाठ भरलेली होती. चांगली फ्रेम वाया गेली होती. मास्तर हळहळले. काका मात्र त्या कापलेल्या तुकड्याकडे बघत खुर्चीत बसला आणि बऱ्याच दिवसांनी त्याने काकूकडे खायला मागितलं.

त्याच सुमारास आईच्या हिरड्या भरून आल्या आणि डॉक्टरांनी तिच्या दातांचं माप घेतलं. काका तेव्हा निवृत्त झाला होता. साचा त्याच्या जुन्या कामाच्या खोलीत गेला, हे त्याला कुणीतरी सांगितलं. तो तिथे गेला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, "हे दोन मला करू दे." एरवी तो साच्यावरूनच काम करायचा. या वेळी आमच्याकडे आला, रंगांच्या नमुन्यांची पट्टी घेऊन, आणि आईसमोर स्टुलावर बसला.

"जरा उजेडाकडे वळा," तो म्हणाला.

आई वळली. त्याने एकेक नमुना तिच्या उरलेल्या दातांशेजारी धरून बघितला. "सगळ्यात पांढरे देऊ?"

ती त्याच्याशी इतक्या दिवसांत बोलली नव्हती. नमुन्यांकडे बघत म्हणाली, "नको. चहा पिणाऱ्या बाईचे द्या. नाहीतर लोकांना कळेल."

"आणि समोरच्या त्या दोन दातांमध्ये तुमच्या बारीक फट होती," काका म्हणाला. "ती ठेवू का?"

आईचे डोळे भरले. "तुम्हाला कशी माहीत?"

"इतकी वर्षं बघतोय. धंदाच आहे माझा."

ती फट तिच्या नव्या दातांत आहे. ते दोन नवे आहेत, हे मलाही ओळखू येत नाही.

आता आई म्हणू लागली, "मला सायकल हवी." काका म्हणाला, "विम्याशिवाय मी आता कुणाला काही करून देणार नाही." आणि विमा काही मिळेना. मी त्याच्याबरोबर एका एजंटाकडे गेले होते.

"धंद्याचं नाव?" एजंटाने विचारलं.

"धंदा नाही. छंद आहे."

"छंदाचा विमा होत नाही. पतंग उडवणाऱ्याला कोण विमा देतं? धंदा दाखवा, मग बघू. वर्षाला किती सायकली?"

"एक. कधी अर्धी."

"अर्धी सायकल?" एजंटाने पेन खाली ठेवलं. "अहो काका, अर्ध्या सायकलवरून पडणार कोण?"

दुसऱ्याने सांगितलं, कारखान्याचा परवाना आणा. तिसऱ्याने सल्ला दिला, घेणाऱ्याकडून 'पडलो तर माझं मी बघेन' असं लिहून घ्या. काका त्याच्यावर चिडला. "म्हणजे आधी त्याच्याकडून मापं घेऊ, मग जबाबदारीही त्याच्याच गळ्यात घालू?"

वाट शेवटी वेल्डिंग शिकवणाऱ्या बाईंकडून निघाली. त्या पोस्टमनच्या मेहुणी, तंत्रशाळेत शिकवायच्या. संध्याकाळी तिथे हौशी लोकांना काम करू द्यायचे आणि शाळेच्या विम्यात, तिथे तयार होऊन तपासून बाहेर पडलेल्या वस्तूही धरलेल्या होत्या. पण अट अशी, की काम तिथेच करायचं आणि प्रत्येक सांधा बाईंच्या नजरेखालून जायचा. त्या काकापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आवाज खणखणीत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी काकाची ज्योत बघून सांगितलं, "घाई करता तुम्ही. दाताच्या सवयीने एकाच जागी तापवता. इथे नळी मोठी आहे, सगळीकडून फिरवा. चांदीला बोलावून घ्यावं लागतं."

मला वाटलं, काकाला लागेल. तो घरी आला तो काकूला उत्साहाने सांगत होता, "अगं, इतकी वर्षं मला कुणी बघणारंच नव्हतं! आपलं आपल्यालाच दिसत नाही." काकू म्हणाली, "मी बघत होते की. पण मी म्हटलं असतं तर ऐकलं असतंत?"

बाईंनी त्याचे दोन सांधे परत करायला लावले. एक त्याने स्वतःहून तिसऱ्यांदा केला. फ्रेम पूर्ण झाल्यावर त्यांनी ती यंत्रात घातली, तिच्यावर आईच्या दुप्पट वजनाचे झटके दिले आणि खाली बसून भिंगातून बघितलं. "न्या," म्हणाल्या. काका तिथेच स्टुलावर बसून राहिला.

सायकलवर न बसता, ती हाताने धरून तो आमच्याकडे घेऊन आला. आईने चपला घातल्या, पदर खोचला. हँडल धरून ती नुसतीच उभी राहिली. गळ्याजवळचं हाड जुळलं होतं, पण गार हवेत अजून ठणकायचं.

"नाही जमलं तर राहू दे वहिनी," काका म्हणाला. "चालत जाऊ. मीही येईन बरोबर."

"तुम्ही गप्प बसा भाऊजी," आई म्हणाली आणि पाय टाकला.

पहिल्यांदा ती दारासमोरच्या पायरीपाशीच अडखळली. मग सावकाश, रस्त्याच्या कडेकडेने, ब्रेक धरून धरून गेली. काका दारात उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. प्रार्थना करतोय असं मला वाटलं. जवळ गेले तर तो एकेका सांध्याचं नाव घेत होता.

ती वळून परत आली, दारात उतरली. चेहरा या वेळीही लाल, पण डोळे पुसलेले.

"कशी आहे?" काकाने विचारलं.

"चांगली आहे," आई म्हणाली. "सीट मात्र जरा वर हवी."

काकाने खिशातून पाना काढला आणि तिथेच रस्त्यावर उकिडवा बसला.